हरीदादा आणि पोरं उचलणारी टोळी

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या गेटवर लोकांचे जेवणाचे डबे हुंगण्यात मी उमेदीची सगळी वर्षं घालवली. पदाचं नाव होतं सुरक्षा सुपरवायझर. नाव भारदस्त आहे, पण आमच्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की मी कारखान्याचं दार उघडतो आणि लावतो. तिचं फारसं चुकत नव्हतं.

बाहेरच्यांना वाटतं, गेटवरच्या माणसाचं काम म्हणजे सलाम ठोकणं. खरं काम म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा संशय घेणं, आणि तोही असा की समोरच्याला तो मान वाटला पाहिजे. शिफ्ट सुटली की माणसं रांगेनं बाहेर पडायची आणि आम्ही झडती घ्यायचो. फौंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून ओतकाम चालतं, त्यामुळं चोरायला सोनंनाणं नसतं. असतात बेअरिंगं, नटबोल्ट, तांब्याची तार. बेअरिंग दह्याच्या डब्यात जातं. तार कमरेला गुंडाळून जाते. आमच्याकडचा एक महादू सकाळी काडीसारखा आत जायचा आणि संध्याकाळी पोट सुटून बाहेर यायचा. दिवसभर भट्टीपुढं घाम गाळणाऱ्या माणसाचं पोट सुटत नसतं. मी त्याला एवढंच म्हटलं, ‘‘महादू, कॅन्टीनचं जेवण लई मानवलं की रं तुला.’’ महादूनं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि तिथंच उभा राहून भोवऱ्यासारखा उलटा फिरत तार सोडायला लागला.

या धंद्याचा एक रोग आहे. नजर घरी गेली तरी कामावरच राहते. पाव्हणे निघाले की माझं लक्ष त्यांच्या पिशव्यांकडं. भाजीवाली दारात आली की मी पाटीत हात घालून तळ चाचपायचो. मेहुणीच्या लग्नात मांडवाच्या दारात उभा राहून मी नवऱ्या मुलाच्या मामाची बॅग दाबून बघितली. आमच्या सुमननं, म्हणजे बायकोनं, ते बघितलं आणि त्यानंतर कुठल्याही लग्नात तिनं मला मांडवाच्या दारात उभं राहू दिलं नाही.

अशा माणसाच्या गळ्यात मालकांनी हारादासाहेब बांधले.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आमच्या मालकांनी जपानमधून साचे बनवायचं एक मोठं मशीन मागवलं आणि ते बसवायला तिथला एक इंजिनिअर काही महिन्यांसाठी आला. पन्नाशीचा, बुटका, काटक, शर्टाच्या खिशाला नेहमी तीन रंगांची पेनं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, ‘‘कांबळे, ह्या माणसाच्या केसाला धक्का लागता कामा न्हाय. मशीन जोडायचं कसं, ते फक्त त्याच्या डोक्यात हाय.’’

पहिल्याच दिवशी हारादासाहेब गाडीतून उतरले, खांद्यावरची बॅग गेटजवळच्या बाकड्यावर ठेवली आणि मशीन बघायला आत निघून गेले. मला वाटलं, विसरले. मी ती बॅग छातीशी धरून बसलो. साहेब जेवणाच्या सुट्टीत परत आले, तेव्हा मी तसाच बसलेला.

‘‘प्रॉब्लेम?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नो प्रॉब्लेम. थीफ प्रॉब्लेम,’’ मी म्हणालो.

‘‘थीफ? व्हेअर?’’

मी हात लांब करून पंचगंगेपासून पन्हाळ्यापर्यंत सगळा मुलूख दाखवला. साहेबांनी त्या दिशेला नीट बघितलं. त्यांना कुणी दिसलं नाही.

बॅगेत पासपोर्ट, कॅमेरा, पाकीट सगळं होतं. ते विसरले नव्हतेच. त्यांच्या गावात वस्तू ठेवली की ती तिथंच असते. मिसळ खायला नेलं तर टेबल धरून ठेवायला पाकीट खुर्चीवर ठेवून हे हात धुवायला गेले. आपण टोपी ठेवतो तसं. मी पाकिटावर जवळजवळ झेपच घातली, त्यामुळं शेजारच्या टेबलावरच्या माणसानं माझाच दंड धरला.

गेटवरच्या पोरांना ‘हारादा’ म्हणता येईना, त्यामुळं आठवडाभरात त्याचं हरीदादा झालं. त्यांनाही ‘कांबळे’ जमत नव्हतं, मी कांबुरे-सान झालो. ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’. कांबळेराव असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळं बाकीच्या उच्चाराकडं मी दुर्लक्ष केलं.

हरीदादा मराठी शिकले ते भट्टीवरच्या कामगारांकडून. त्यामुळं त्यांच्या मराठीत वस्तूंची नावं जवळजवळ नव्हतीच, सगळा हुकुमांचा कारभार होता. उचला. ठेवा. सरका. थांब की! ही शेवटची आरोळी ते अशी मारायचे की क्रेनवाला जागच्या जागी थिजायचा. मालकांच्या पत्नी एकदा कारखाना बघायला आल्या, तर हे त्यांना अदबीनं वाकून म्हणाले, ‘‘सरका.’’ त्या सरकल्या.

पुण्याहून लीना मॅडम म्हणून दुभाषी बाई अधूनमधून यायच्या. कामाचं अवघड बोलणं त्या आल्या की व्हायचं. एकदा मी दोघांना घरी जेवायला बोलावलं. तांबडा रस्सा पिऊन हरीदादांच्या डोक्यावरून घाम ओघळत होता, पण वाटी पुढं करणं थांबत नव्हतं. सुमननं विचारलं, ‘‘तुमच्याकडं चोऱ्यामाऱ्या न्हाईत म्हणं?’’

लीना मॅडमनी प्रश्न सांगितला. हरीदादांनी वाटी खाली ठेवली आणि चेहरा गंभीर केला. मॅडम सांगायला लागल्या, ‘‘ते म्हणतात, पूर्वी नव्हत्या. आता देश बिघडलाय. फार भीती वाटते. त्यांच्या बायकोनं दाराला दुसरी कडी बसवून घेतलीय. शाळेतल्या पोरांच्या दप्तराला भोंगा लावलेला असतो, कुणी धरलं तर वाजवायला.’’

‘‘अगं बाई! काय झालं एवढं?’’

एक भयंकर खून झाला होता. टीव्हीवर रोज तेच. सकाळी तेच, जेवताना तेच, ते घर, ती गल्ली, शेजाऱ्यांच्या मुलाखती.

‘‘तुमच्या गावात?’’

‘‘नाही. तिथून लांब. गाडीनं दिवसभर लागेल.’’

‘‘मग तुमच्या गावात काय झालं?’’

हरीदादांनी बराच विचार केला. लहानपणी, ते म्हणाले, आमच्या आळीतून एक सायकल गेली होती.

‘‘मग?’’

‘‘मिळाली. एका म्हाताऱ्यानं आपली समजून नेली होती.’’

सुमननं माझ्याकडं बघितलं. ‘‘म्हंजे नागपुरात खून झाला म्हणून आपण हितं कडी लावायची?’’

मी हसलो नाही, कारण त्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावरच्या ढाब्यामागं बांधाच्या भांडणातून एकानं दुसऱ्यावर कोयता चालवला होता. पेपरात आलं होतं. दुसऱ्या दिवशी लोकांनी चहा पिता पिता चर्चा केली, जखमी माणूस कुणाचा मेहुणा लागतो ते ठरवलं, आणि जो तो कामाला लागला. पोरं त्याच रस्त्यानं शाळेत गेली. पेपरातला तो फोटो बघून हरीदादांनी मला विचारलं होतं, ‘‘टाउन अफ्रेड?’’ मी म्हणालो, ‘‘नो. टुडे मॅरेज.’’ त्याच गावात लग्न होतं आणि आमचे निम्मे कामगार जेवायला गेले होते.

म्हणजे आम्हाला भीती वाटत नव्हती असं नाही. आमची भीती वेगळीच होती. त्या थंडीत जिल्हाभर एक अफवा फिरत होती, पोरं उचलणारी टोळी आलीय. आधी टोळीत साधू होते, मग भांडी विकणाऱ्या बायका झाल्या, मग गाडीतून येऊन चॉकलेट देणारे पाव्हणे. पोर कुणाचं गेलं म्हणून विचारावं तर ते नेहमी पलीकडच्या गावातलं असायचं, आणि पलीकडच्या गावात विचारलं की ते अलीकडच्या. मी सुरक्षेतला माणूस, असल्या गप्पांवर हसायचो. हरीदादांना यातलं काही सांगायचं मला सुचलंही नाही.

त्यांना गुऱ्हाळ बघायचं होतं. एका रविवारी मी कंपनीची जीप काढली, ड्रायव्हरला सुट्टी होती म्हणून स्वतःच चालवत होतो, आणि आम्ही गारगोटीच्या बाजूला निघालो. गारगोटीच्या बरंच अलीकडं एका गावाजवळ समोरून उसाचा ट्रक आला. मी जीप बाजूला घेतली आणि मागचं चाक चरीत गेलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून माझी ऊठबस आहे.

जीप काही हलेना. लांब एका शेतात ट्रॅक्टर दिसत होता. हरीदादांना म्हटलं, ‘‘यू सीट. आय ब्रिंग ट्रॅक्टर.’’ त्यांनी मान डोलावली आणि मी बांधाबांधानं चालायला लागलो. ट्रॅक्टरवाला तुकाराम नावाचा भला माणूस होता, पण त्याला आधी पाण्याची पाळी पुरी करायची होती. मग चहा आला. कुठलं गाव, कुणाचे कोण, हे झालं. आम्ही ट्रॅक्टर घेऊन परत आलो तर जीपची दारं सताड उघडी, बॉनेटवर कॅमेऱ्याची बॅग जशीच्या तशी, आणि हरीदादा नाहीत.

बॅग जागेवर आणि माणूस गायब. नोकरीत याच्या उलटं बघायची सवय होती. माझं डोकं चालेना.

तुकारामनं जीप ओढून काढून दिली. तेवढ्यात गावातल्या देवळाचा भोंगा वाजायला लागला. ‘‘ऐका हो! पोरं उचलणाऱ्या टोळीतला एक इसम सापडलेला हाय. सर्वांनी तालमीपुढं जमावं. दुसरा इसम शेतातनं पळून गेलेला हाय. दिसल्यास सोडू नये.’’

दुसरा इसम म्हणजे मी, हे ध्यानात यायला मला जरा वेळ लागला. तुकारामच्या लवकर आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, ट्रॅक्टर फिरवला आणि आपल्या शेताकडं निघून गेला.

मला तिथूनच कोल्हापूर गाठता आलं असतं. पण मालकांना काय सांगणार? आणि मालकांचं जाऊ दे. तो माणूस त्या गर्दीत एकटा होता, आणि त्याला ‘उचला, ठेवा’ सोडून काही बोलता येत नव्हतं. जीप तशीच गावात घातली.

झालं होतं ते असं. हे नंतर पोरांकडून कळलं. मी गेल्यावर जीपभोवती गावातली पोरं जमली. हरीदादांनी खिशातून गोळ्या काढून वाटल्या. कागदाचे पक्षी करून दिले. मग त्यांच्या मनात आलं, एवढी पोरं आहेत तर जीप वर काढायला हात लावतील. त्यांनी जीपच्या मागच्या बाजूला हात केला आणि आपल्या ठेवणीतल्या मराठीत मोठ्यानं सांगितलं, ‘‘पोरं, उचला! उचला!’’

गवताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून गावातली म्हातारी बनाबाई चालली होती. चॉकलेट, गाडी, परका चेहरा आणि वर ‘पोरं उचला’. टोळीनं एवढ्या उघडपणे कधीच काम केलं नसेल. तिनं भारा टाकला आणि जी बोंब ठोकली, ती तालमीत ऐकू गेली. पैलवान आले आणि हरीदादांना घेऊन गेले. त्यात बनाबाईची नात सोनी सकाळपासून कुठं दिसत नव्हती, हे तिला तेव्हाच आठवलं.

मी तालमीपुढं पोचलो तर सगळं गाव लोटलेलं. मधोमध बाकड्यावर हरीदादा, आणि दोन्ही बाजूंना दोन पैलवान, एकानं डावा हात धरलेला, दुसऱ्यानं उजवा. हरीदादांच्या चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद होता.

‘‘कांबुरे-सान!’’ ते ओरडले. ‘‘व्हेरी गुड पीपल! शेकहँड… व्हेरी लाँग शेकहँड!’’

‘‘ह्यो बघा दुसरा आला!’’ कुणीतरी ओरडलं आणि माझी कॉलर धरली गेली. ‘‘हाणा रं!’’ असं एकजण सारखा म्हणत होता. त्याच्या हातात ऊस होता. बनाबाई छाती बडवत होती, ‘‘माझी सोनी कुठं हाय ते इचारा आदी, मग मारा.’’ तेवढाच काय तो माझ्या बाजूचा मुद्दा.

गावचे पोलीस पाटील अण्णा वयस्कर होते आणि गर्दीपुढं त्यांचं फारसं चालत नव्हतं, पण ते हात वर करून म्हणाले, ‘‘थांबा, माणसाला बोलू द्या की.’’ मी ओळखपत्र काढून दिलं. ते त्यांनी उलटसुलट करून बघितलं. मागून आवाज आला, ‘‘असली कार्डं पायजे तेवढी छापून मिळत्यात.’’ हे वाक्य मी स्वतः गेटवर लोकांना ऐकवत आलो होतो. ते ऐकायला कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं.

मग माझी झडती सुरू झाली. काय ती झडती! एक पैलवान माझ्या वरच्या खिशात बोट घालून बसला, दुसरा पाठीवर थापट्या मारत होता. काख नाही, कंबर नाही, मोजे नाहीत. जीव मुठीत धरला होता तरी मला राहवेना. ‘‘अहो, आधी कमरेला बघायचं असतं,’’ मी म्हणालो. अण्णा म्हणाले, ‘‘बघा, ह्याला सवय दिसतीया झडतीची.’’

मी म्हणालो, ‘‘अण्णा, मी फौंड्रीतला सिक्युरिटीचा माणूस हाय. हे जपानचं साहेब. मशीन बसवायला आल्यात. गाडी चरीत गेली म्हणून पोरांना गाडी उचला म्हणाले. इश्वास नसंल तर गाडी तपासा की. पोराचा केस जरी सापडला तर माझी मान कापा.’’

माणसानं आत्मविश्वासानं बोलावं, पण आधी स्वतः बघून घ्यावं.

दोघंतिघं जीपकडं गेले. मागच्या सीटच्या पायथ्याशी आम्ही एक ताडपत्री टाकलेली असायची. ती त्यांनी ओढली. तिच्याखाली एक पोरगी गाढ झोपलेली होती. गालाला गोळीचा चिकटा, आणि भोवती रंगीत कागदच कागद.

सगळं गाव गप्प झालं. सबंध नोकरीत गेटमधून एक बोल्ट सुटू दिला नाही असं सांगत फिरणारा मी, आख्खी पोरगी गाडीत घेऊन त्याच गावात गाडी चालवत आलो होतो.

मग जो आवाज उठला तो मला अजून कधीमधी ऐकू येतो. माझ्या शर्टाची बटणं तुटली, पाठीत काहीतरी बसलं. चप्पल असावी. लोक जीपकडं धावले. आणि हरीदादांचं हसू पहिल्यांदाच मावळलं. त्यांना वाटलं, एवढी माणसं त्या पोरीवर चिडलीत. पोरीनं न विचारता गोळ्या खाल्ल्या म्हणून तिला मारायला निघालीत. त्या बुटक्या माणसानं दोन्ही पैलवानांच्या हातातून हात कसे सोडवले हे त्या पैलवानांनाही नंतर सांगता आलं नाही. ते पळत जीपपुढं गेले, पोरीला पाठीशी घातलं, दोन्ही हात पसरले आणि भट्टीवरच्या आवाजात ओरडले,

‘‘थांब की!’’

भट्टी, ब्लोअर, क्रेन या सगळ्यांच्या वर जाणारा तो आवाज होता. गाव थांबलं. ऊसवाला तर ऊस वर धरून तसाच उभा राहिला. ज्यानं पोर चोरलं असं सगळे म्हणत होते, तोच माणूस पोरापुढं हात पसरून उभा होता. हे काय आहे, ते कुणालाच उमगेना.

गलक्यानं सोनी जागी झाली. तिनं एवढी माणसं बघितली, त्यांच्यात आजी बघितली आणि भोकाड पसरलं. ‘‘मला न्हाय न्हायाचं! डोळ्यात शिकेकाई जाती!’’

रविवार होता. बनाबाईनं सकाळी बंबात पाणी तापवून नातीला न्हाऊ घालायचं ठरवलं होतं. नात पळाली होती. पोरं जीप उचलत होती तेव्हा मागच्या दारानं आत शिरून तिनं ताडपत्री ओढून घेतली होती, आणि हरीदादांनी सीटवर ठेवलेली गोळ्यांची पिशवी तिच्या हाताला लागली होती.

बनाबाई पुढं झाली. हरीदादांनी तिला अडवायला हात आडवा केला. तिनं तो बाजूला सारला, सोनीला जीपमधून ओढून काढलं आणि पाठीत एक धपाटा घातला. त्या दिवशी त्या गावात आणखी हिंसाचार झाला नाही. माझ्या पाठीतली चप्पल कुणाची होती ते कुणी कबूल केलं नाही, म्हणून ती मी धरत नाही.

पहिला हसला तो ऊसवाला. मग पैलवान. मग सगळं गाव असं हसायला लागलं की अण्णांना खाली बसावं लागलं. चहा आला, पोहे आले, तालमीतलं थंडगार बदामाचं दूध आलं. गारगोटीहून पोलिसांची गाडी आली तोवर हरीदादा लाल मातीत उभे राहून पैलवानांबरोबर फोटो काढून घेत होते. हवालदारसाहेबांना प्रकार ऐकून राग आला. रविवारचे बाहेर पडले होते बिचारे. त्यांनी मलाच दम भरला आणि दोन ग्लास दूध पिऊन गेले.

परतताना हरीदादा खुशीत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायला इंग्रजी पुरलं नसतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, आपल्या माणसांनी काय करायचं मनात आणलं होतं ते सांगायची मला लाज वाटत होती.

पण माणूस बावळट नव्हता. लीना मॅडम पुढच्या खेपेला आल्या तेव्हा आमच्याच घरी, जेवण झाल्यावर, त्यांनी मॅडमना काहीतरी हळू सांगितलं. मॅडम मला म्हणाल्या, ‘‘ते विचारतायत, त्या दिवशी खरं काय चाललं होतं?’’

मी सांगितलं. अफवा, ‘पोरं उचला’चा अर्थ, भोंगा, सगळं. मॅडमनाही सांगताना जड गेलं. मग हरीदादा बोलायला लागले आणि मॅडम वाक्यावाक्यानं सांगत गेल्या.

त्यांच्या घरासमोर एक बाग आहे. काही वर्षांपूर्वी तिथं एक लहान मुलगा पडला. यांनी त्याला उठवलं, गुडघा पुसला, नाव विचारलं. आई धावत आली, वाकून आभार मानले आणि मुलाला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी बागेच्या फलकावर सूचना लागली होती. करड्या टोपीच्या एका पुरुषानं मुलाशी बोलायचा प्रयत्न केला, पालकांनी सावध राहावं. टोपी यांचीच होती. त्यांनी टोपी वापरायची सोडली. मग बागेत जायचं सोडलं. गल्लीतल्या पोरांशी तेव्हापासून एक शब्द बोलले नाहीत. समोरून पोर आलं की हे रस्ता ओलांडतात.

‘‘मला कुणी धरलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘कुणी ओरडलंही नाही. कुणी काही विचारलंच नाही.’’

इथं आल्यावर रस्त्यातली पोरं स्वतःहून हात धरतात, हे बघून त्यांना इतकं बरं वाटलं होतं की गोळ्यांची पिशवी ते कायम जवळ ठेवत होते.

सुमन म्हणाली, ‘‘आन् हितं बदडलं असतं तुमाला, त्ये काय बरं व्हतं?’’

मॅडमनी ते सांगितलं. हरीदादांनी मान डोलावली. हो, ते म्हणाले, तेही वाईटच. दोन्हींपैकी कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही.

मलाही येईना. सुमननं उठून त्यांच्या वाटीत रस्सा वाढला. जेवण झालं होतं, तरी ते प्यायले.

उन्हाळ्यात त्या गावची जत्रा होती. ट्रॅक्टरवाला तुकाराम शिरोलीला कामाला आला होता, तो गेटवर येऊन सांगून गेला, ‘‘बनाबाईनं जपानच्या पावण्याला बोलावलंय. तुमी पन या.’’ मला वाटलं, हरीदादा नको म्हणतील. ते नवीन शर्ट घालून माझ्या आधी जीपजवळ उभे होते.

बनाबाईच्या घरी दुपारचं जेवण झालं. घर माणसांनी भरलेलं. पालखी निघायची वेळ झाली तशी सगळी उठली. पोरं मात्र पुरणपोळी खाऊन पुढच्या सोप्यात आडवीतिडवी झोपलेली, त्यात सोनी. कुणाला मागं ठेवायचं यावर सुनांची कुजबुज सुरू झाली. बनाबाईनं पदर खोचला आणि हरीदादांच्या पुढं जाऊन हातवारे करत म्हणाली, ‘‘पावणं, आमी देवळाकडं जाऊन येतो. पोरं झोपल्यात. घराकडं तुमी बघा.’’

मी पुढं झालो. म्हटलं, ‘‘आजी, राखणीचं काम माझं हाय. मी थांबतो की.’’

‘‘तुमी चला पालखीला,’’ ती म्हणाली. ‘‘तुमची नजर काय बरी न्हाय. आल्यापासनं माझ्या सुनांच्या पिशव्या बघताय.’’

मी गेलो. पालखीत माझं लक्ष नव्हतं. गुलालानं माखून आम्ही सगळे परत आलो तर अंगणात नेसरीहून आलेला बनाबाईचा जावई, उन्हानं लाल झालेला, आपल्या पेटीवर बसलेला. हातात पाण्याचा तांब्या, तोंड फुगलेलं. दारात उंबऱ्यावर हरीदादा, ताठ बसलेले, दाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाय आडवा टाकून.

‘‘मामी, ह्यो मानूस कोन?’’ जावई उसळला. ‘‘मला माझ्याच सासुरवाडीत शिरू दीना! पानी देतोय, वाकून नमस्कार करतोय, पन आत सोडंना!’’

हरीदादांनी ओठांवर बोट ठेवलं.

‘‘हळू,’’ ते म्हणाले. ‘‘पोरं झोपल्यात.’’

बनाबाईनं जावयाकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. मग आम्ही सगळ्यांनीच घेतल्या, जावयानंसुद्धा. हरीदादांनी पाय उचलला आणि आम्ही एकेक करून आत गेलो.